दहा आकड्यांचं घड्याळ

"विमानाचं घड्याळ असलेलं घर हेच ना?"

मी ओट्यावर कोळंबी सोलत बसले होते. मान वर केली तर दारात पांढऱ्या मिशांचा, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस उभा. मला वाटलं, मीटरवाला. म्हटलं, "बिल भरलंय आमचं."

"बिल नको हो वहिनी, घड्याळ बघायचंय." खांद्यावरची खाकी पिशवी त्याने खाली ठेवली, तशी ती दगड भरल्यासारखी धपकन वाजली. दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा नवाकोरा खोका होता. "मी मोहिते, साताऱ्याकडचा. एअरफोर्समध्ये होतो. पायलटच्या पुढ्यात काटे, मीटर, घड्याळं असतात ना, ती दुरुस्त करायचं काम माझं. तुमच्याकडे बर्फाची गाडी घेऊन येतो तो ड्रायव्हर आमच्या गावचा. तो म्हणाला, माडबंदरला हरकूबायच्या भिंतीवर एक चीज आहे."

हरकूबाय म्हणजे माझी सासू. ती त्या वेळी मासळी सुकवायच्या खळ्यावर गेली होती. आणि ज्या चीजेसाठी हा बाबा एवढा घाट उतरून आला होता, तिच्यापायीच आमच्या घरात सकाळपासून धुसफूस चालली होती.

ते घड्याळ माझ्या सासऱ्यांनी आणलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हयात नव्हते, पण गोष्ट अख्ख्या गावाला पाठ होती. मुंबईच्या गोदीत खलाशी असताना भंगारवाल्याकडे काळं, गोल, जडच्या जड घड्याळ दिसलं. विमानातलं आहे म्हटल्यावर भाळले आणि घेऊन आले. घरी येऊन बघतात तर आकडे शून्य ते नऊ. बाराच्या जागी शून्य! दहा नाही, अकरा नाही, बारा नाही. काटे तीन, आणि तिन्ही ढिम्म. गाव पोट धरधरून हसलं. पण म्हातारा कसला खमक्या! म्हणाला, "मुद्दाम घेतलंय. ह्या घड्याळात बारा वाजतच नाय. ज्याच्या घरी हे, त्याचे बारा वाजायचे नाय."

बंद घड्याळ घरात ठेवू नये, असं शेजारणी सासूबाईंना सांगून थकल्या. सासूबाई म्हणायच्या, "बंद नाय गो ते, आळशी हाय." रोज सकाळी पदराने पुसता पुसता त्यांच्या एकटीच्याच लक्षात आलं होतं की लांब काटा हलतो. दिवसाकाठी थोडा वर, थोडा खाली, झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसा. पण कधीतरी तो पुढच्या आकड्यांकडे चढतच जातो, आणि तसा चढला की एखाद-दोन दिवसांत दर्या खवळतो. हे कळायला त्यांना किती वर्षं लागली कोण जाणे. शेवटी, सासरे असतानाच, त्यांनी कपाळाची एक लाल टिकली काढली आणि काचेवर दोनाच्या आकड्यापाशी चिकटवली. काटा टिकलीच्या आत, तर होडी लोटायची. टिकलीच्या पुढे गेला, तर नाही.

त्या सकाळी काटा टिकलीच्या पुढे गेला होता.

नवऱ्याचं नाव घ्यायचं तर आमच्यात उखाणा लागतो, पण एवढ्या गोष्टीत मी किती उखाणे घेऊ? परशुराम म्हणूनच सांगते. तर परशुराम म्हणाला, "आये, बर्फ भरलाय, डिझेल भरलंय, खलाशी येऊन बसलेत. आभाळ बघ, धुतल्यासारखं हाय."

"आभाळ वरवर गोड बोलतंय. आज नको."

"सगळ्या होड्या दुपारच्या भरतीला निघणार. मी एकटा घरात बसू? लोक म्हणतील, परश्या आयेच्या पदराखाली लपला."

"म्हणू दे. पदराखालचा पोर बुडत नाय."

आमच्या ट्रान्झिस्टरचे सेल संपलेले, नाहीतर तिसऱ्या कुणाला तरी विचारता आलं असतं. शेवटी तोड निघाली ती अशी: भरतीपर्यंत थांबायचं. तोवर काटा टिकलीच्या आत आला तर जायचं, नाही आला तर खलाशांना घरी पाठवायचं. परशुराम भांडायचा खूप, पण आईला दिलेला शब्द त्याने कधी मोडला नाही. तो पाय आपटत बंदरावर गेला, सासूबाई खळ्यावर गेल्या, आणि मी कोळंबी घेऊन बसले तोच हा मोहिते.

मी त्याला आत घेतलं. भिंतीपुढे तो उभा राहिला ते देवळात राहावं तसा, दोन्ही हात पाठीमागे बांधून. "हात लावायच्या आधी वाचायचं, अशी आमच्यात शिस्त असते," म्हणाला आणि मोठ्याने वाचलं, "साडेतीनशे."

"साडेतीनशे काय?"

"फूट. हे घड्याळच नाही वहिनी. विमान किती उंचावर आहे, ते सांगणारं यंत्र आहे हे."

"म्हणजे आम्ही साडेतीनशे फुटांवर? भरतीला पाणी आमच्या पायरीला लागतं हो!"

तोही हसला. "वर्षानुवर्षं कुणी हात लावला नसेल. मग ते काहीतरीच दाखवतं."

मग त्याने यंत्र अलगद खाली घेतलं, उलटं केलं. पाठीमागे एक छोटीशी नळी होती. तिच्यावरून त्याने अंगठा फिरवला. शिक्का मारलेला नंबर चष्मा कपाळावर सरकवून वाचला. नंबराशेजारी पिवळ्या रंगात एकच इंग्रजी अक्षर होतं, आर. ते दिसलं आणि हा माणूस मटकन चटईवर बसला.

"रिअर," तो म्हणाला. "मागची सीट. वहिनी, पोरांना विमान चालवायला शिकवायचं दोन सीटचं जुनं विमान असतं. शिकणारा पुढे, शिकवणारा मागे. दोघांच्या पुढ्यात तीच तीच यंत्रं. पुढच्याने काय चूक केली, ते मागच्याला कळावं म्हणून. हे शिकवणाऱ्याचं आहे."

त्याने पिशवी सोडली आणि एकेक वस्तू चटईवर मांडली. तशा एका विमानाचा सांगाडा त्याच्या तालुक्याच्या शाळेला मिळाला होता, पण आतलं सगळं लोकांनी ओरबाडून नेलेलं. गेली काही वर्षं हा भंगारबाजार पालथे घालत होता. काळ्या रबराची एक मूठ त्याने डोळे मिटून माझ्यासमोर धरली. "ही पायलटच्या हातातली. इथे अंगठा बसून बसून खळगा पडलाय, बघा. हे वेगाचं. हे, विमान तिरकं झालं तर सांगणारं." डोळे मिटूनच बोटांनी तो प्रत्येकाची ओळख पटवत होता. "पुढच्या सीटसमोरची यंत्रांची पाटी माझी पूर्ण झाली. मागच्या पाटीवर एकच भोक उरलंय, एवढं," त्याने दोन्ही हातांची बोटं जुळवून गोल केला. "पोरं त्या भोकात बोटं घालतात आणि विचारतात, काका, इथे काय होतं?"

त्याचा आवाज असा झाला की मलाच गलबलून आलं. त्याने खोका उघडला. आत लोलकाचं, टोले देणारं, चकचकीत नवं घड्याळ. "घड्याळाच्या बदल्यात घड्याळ. चालेल ना?"

"ते सासूबाईंना विचारा. मी अजून पाहुणीच आहे या घरात. येतीलच त्या. तोवर जेवून घ्या."

मी आत जाऊन कालवणाला फोडणी दिली. बाहेर तो गुणगुणत काच पुसत होता, मग यंत्र खिळ्याला परत अडकवल्याचा आवाज आला, मग तो मागच्या विहिरीवर हातपाय धुवायला गेला. तेवढ्यात पुढच्या दारातून परशुरामची आरोळी आली, "उतरलं गो, सुगंधे! टिकलीच्या आत हाय! आयेला सांग, शब्द पाळून चाललोय!"

मी पळी घेऊन धावत बाहेर आले तर अंगण रिकामं. काटा बघितला. थेट शून्यावर. खरं सांगते, मला वाईट वाटलं. चढलेला असता तर चार दिवस नवरा घरी राहिला असता. पण त्या काट्यातलं मला अजून काही कळत नव्हतं. उतरला तर उतरला, म्हटलं, आणि पाहुण्याचं ताट वाढलं.

मोहिते दुसरा घास घेत होता तेव्हा सासूबाई आल्या. डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधीच म्हणाल्या, "परश्या खुठं हाय?"

"गेले. काटा उतरला ना."

पाटी तशीच डोक्यावर घेऊन त्या भिंतीपाशी गेल्या. काटा बघितला. मग म्हणाल्या, "चढलेला काटा उतरायला दोन दोन दिवस घेतो. हा एका दुपारीत उतरला? कोणी हात लावला?"

"मी लावला, मावशी," मोहिते ताटावरून अर्धा उठला. "मोहिते म्हणतात मला. शून्यावर आणलं. सवयच आहे हो. विमान जमिनीवर उभं असलं की हा काटा शून्यावर पाहिजे. पहिल्या दिवशी पोरांना हेच शिकवतात. ती खालची कळ फिरवायची..."

"व्हता खुठं?"

"साडेतीनशेवर."

"ते मला नको सांगू. बोटाने दाखव."

त्याने उष्टं बोट काचेजवळ नेलं. तीन आणि चाराच्या मध्ये. टिकलीच्या कितीतरी पुढे. सासूबाईंच्या डोक्यावरची पाटी खाली आली आणि सुके मासे घरभर पसरले.

"ही टिकली कसली?" मोहितेने विचारलं.

"माझी हाय. तिच्यापुढे काटा गेला का दर्या खातो माणसं."

मी आयुष्यात कुणाचा चेहरा इतक्या झरझर बदललेला पाहिला नाही. त्याने काचेवर नखाने दोनदा टिचकी मारली. काटा दचकल्यासारखा हलला आणि शून्य सोडून एकापाशी गेला. "आत्ता शून्यावर ठेवलं होतं मी," तो कुणाशी तरी बोलावं तसं म्हणाला. "वरती हवा हलकी असते. हवा हलकी झाली की याला वाटतं, आपण वर चाललोय. घर जागचं हललेलं नाही, आणि हे चढतंय... मावशी, वादळ येतंय. मोठं. मी गाढव! वाचून, बघून, पुसून टाकलं!"

"मागनं रड," सासूबाई म्हणाल्या. "आधी चल."

त्यांनी ट्रंक उघडली, सासऱ्यांचं जपून ठेवलेलं धोतर काढलं आणि पळत सुटल्या. काय करायचं त्यांच्या मनात आहे ते मला उमगलं तशी मीही त्यांच्यामागे सुटले.

आमच्या खाडीच्या तोंडावर एक टेकाड आहे, त्यावर उंच बांबू रोवलेला. गावात मयत झालं की त्या बांबूवर पांढरं धोतर चढवतात. दर्यावरून ज्याला ते दिसेल त्याने जाळं कापून टाकावं, पण माघारी यावं. आणि एकदा पांढरं चढलं की दुसऱ्या दिवशीचा सूर्य बघेपर्यंत माडबंदरची एकही होडी बाहेर पडत नाही. बापजाद्यांचा रिवाज आहे, कुणी मोडत नाही.

"आये, अभद्र हाय हे!" मी मागून धावत ओरडत होते. "जित्यापणी पांढरं चढवतात काय?"

"माझं चढवते. तुझं नाय," त्या धापा टाकत म्हणाल्या.

टेकाडावर पोहोचलो तर होड्या खाडीबाहेर पडलेल्या. एकामागे एक, कागदाच्या असाव्यात एवढ्याशा. हाका पोहोचणार नव्हत्या. सासूबाईंनी धोतराचं टोक बांधलं आणि दोरी मोहितेच्या हातात दिली. त्याला बिचाऱ्याला कसलाच पत्ता नव्हता. एअरफोर्सचा माणूस, झेंडा चढवावा तसा ताठ उभा राहून त्याने माझ्या सासूचं मरण वर चढवलं.

वारा अजिबात नव्हता. धोतर बांबूला चिकटून लोंबत राहिलं. सासूबाईंनी मग बांबूच दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवायला सुरुवात केली. मोहितेनेही हात लावला, मीही लावला. किती वेळ हलवत होतो ठाऊक नाही. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोलत होते. मग शेवटची होडी वळली. मग तिच्या पुढची. आणि मग आमची, निळ्या पट्ट्याची.

परशुराम किनाऱ्याला होडी लागेपर्यंत थांबला नाही. कमरेइतक्या पाण्यात उडी टाकून तो पाणी कापत आला, तोंड रडून सुजलेलं. "कोण गेलं? आये का सुगंधी?" असं तो दुरूनच विचारत होता. वाळूत बसलेली आई दिसली तसा तो तिथेच गुडघ्यांवर आला. तिचे हात, तोंड, डोकं चाचपून बघितलं. ती जिवंत आहे याची खात्री पटली आणि मग मात्र त्याचा पारा चढला.

"आये, तुला काय लाजबीज? बाप गेला तेव्हा रडलो नव्हतो एवढा रडलोय मी!"

"रड. रडायला घरी तरी आलास."

सगळ्या होड्यांचे म्होरके तांडेल, खलाशी भोवती जमले. कुणी शिव्या दिल्या, कुणी हात जोडले. आमच्या जमातीचा पाटील तर अंगावरच धावून आला. "हरकूबाय, पांढऱ्याचा खेळ केलास! गावाला पाप लावलंस!"

"लावलं. आता रिवाज पाळा आणि होड्या वर ओढा."

पांढरं चढलं होतं, त्यामुळे बाहेर कुणी पडू शकत नव्हतं. शिव्या घालत घालत लोकांनी होड्या ओढल्या. कुणी आमच्या दारावरून जाताना थुंकलं. मोहिते खाली मान घालून भिंतीशी बसला होता, दर थोड्या वेळाने उठून काचेवर टिचकी मारत होता. काटा दर टिचकीला पुढे जात होता. दिवेलागणीला माडाचा पहिला झाप उडून आमच्या अंगणात पडला. त्यानंतर दोन दिवस आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. निम्म्या गावाच्या छपरांची कौलं गेली होती, आमची पडवी गेली होती. टेकाडावरच्या बांबूला धोतराच्या चिंध्या अजून गुंडाळलेल्या होत्या. होड्या सगळ्या होत्या. माणसं सगळी होती. पलीकडच्या बंदरांतून रडारड ऐकू येत होती, ती आठवली की अजून अंगावर काटा येतो.

पाटील आला. सासूबाईंच्या पाया पडला, पण रिवाजाचा पक्का माणूस. डोकं खाजवत म्हणाला, "सगळं खरं, हरकूबाय. पण पांढरं एकदा चढलं, ते रिकामं उतरवता येत नाय. दर्याला काहीतरी पोचवायला लागेल."

मोहितेने कोपऱ्यातला खोका पुढे सरकवला. "हे पोचवा. माझ्यामुळेच झालंय सगळं."

सासूबाईंनी नवं घड्याळ बाहेर काढलं, त्याचे आकडे बोटाने मोजले आणि त्या वादळानंतर पहिल्यांदा हसल्या. "ह्यात बारा वाजतात. हेच बुडवा."

आणि खरोखर, टोले देणारं ते कोरं घड्याळ हळदकुंकू वाहून, पाटलाच्या होडीतून नेऊन आम्ही दर्यात सोडलं. मगच धोतर उतरलं.

मोहिते निघताना भिंतीसमोर उभा राहिला. "मावशी, आता विचारून हात लावतो. एरवी शांत असताना कुठे असतो काटा?" सासूबाईंनी बोटाने जागा दाखवली, त्याने कळ फिरवून काटा तिथे आणला. परशुरामला टिचकी कशी मारायची ते शिकवलं. "काटा कधी कधी अडकतो. टिचकी मारली की खरं बोलतो," असं सांगितलं.

"घेऊन जा की," सासूबाई म्हणाल्या. "तुझी पोरं भोकात बोटं घालतात म्हणालास."

"नको. ते शिकवणाऱ्याचं आहे, शिकवणाऱ्याकडेच बरं." पिशवी उचलताना त्याचे डोळे भरले होते. "पोरांना सांगेन, इथे काय होतं ते. आता सांगण्यासारखं आहे माझ्याकडे."

त्यानंतर सासूबाईंनी आणखी पुष्कळ वर्षं काटा सांभाळला. टिकल्या बदलत गेल्या, जागा तीच. गावातले तांडेल होडी लोटायच्या आधी आमच्या दारात डोकावून जायचे. परशुरामने आईच्या त्या पांढऱ्याची गोष्ट इतक्यांदा सांगितली की शेवटी तिचा विनोद झाला.

एका फाल्गुनात, दर्या तेलासारखा सपाट असताना, सासूबाई सकाळी उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या. परशुराम रात्रीपासून बाहेर होता. माणसांनी टेकाडावर पांढरं चढवलं.

तो आला तो हसत आला. बंदरावर कुणी काही बोललं असेल, त्याने ऐकलं नसेल. अंगणातूनच ओरडला, "आयेने परत आमचे बारा वाजायचे वाचवले काय गो? किती चढलंय?" माणसं बाजूला झाली. तो ओल्या पायांनी थेट भिंतीपाशी गेला.

काटा टिकलीच्या आत होता. त्याने वाकून पुन्हा पाहिलं. मोहितेने शिकवली होती तशी नखाने टिचकी मारली, एकदा, दोनदा. काटा जागचा हलला नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "सुगंधे," तो लहान पोरासारखा म्हणाला, "चढला नाय गो काटा. मग पांढरं कशाला लावलं?"